हासलो तं होतोच

आमच्या इकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाई. आताच्या पोरी घेतात. माही पोरगी तं नवऱ्याले नावानं हाक मारते आन वरून चार शब्द बी देते. पण माह्या बायकोनं कधी नाई घेतलं. तिची हाक एकच होती. "आयकलं का जी?" नयावरून, अंगणातून, चुलीपासून, कुठूनबी असो, "आयकलं का?" तीस वर्सं मले तिनं याच नावानं हाक मारली, आन तीस वर्सं मी "हो" म्हणत गेलो. त्यातला निम्मा हो खोटा होता. मले आयकू येत नव्हतं.

एका संध्याकाळी तिनं मले एक गोष्ट सांगितली आन मी हासलो. हे सारं त्या एका हासण्याचं हाय.

मी चौथीतून शाया सोडली. म्हंजे शायेनंच मले सोडलं. लिवता येत नाई. मी फोनमधी बोलतो आन फोन त्याचे अक्षरं काढते. फोनले माह्यापेक्षा चांगलं आयकू येते, म्हून त्याच्यावर भरोसा.

लग्नाच्या आंधीपासून मी अकोल्यात कापसाच्या जिनिंगमधी होतो. मंग इकडे अमरावतीले आलो आन नांदगाव पेठेत कपड्याच्या कंपनीत मागावर लागलो. जिनिंगचा आवाज लय मोठा असते असं मले वाटे. मागाच्या शेडमधी गेलो तवा समजलं का जिनिंग तं अंगाईगीत होतं. तिथं माणूस माणसाच्या कानात तोंड घालून ओरडला तरी काई समजत नाई. म्हून आमी हातानं बोलतो. दोन बोटं कैचीवानी केले का धागा तुटला. अंगठा ओठाले लावला का चहा. पोटावरून हात फिरवला का सुपरवायझर येऊन राहिला, कारण त्याचं पोट त्याच्या आंधी येते. कपायाच्या मधात बोट टेकवलं का बायको. बाकी सारं ओठावरून वाचाचं. मले पेपर वाचता येत नाई, पण ओठ मी असे वाचतो का कोणाले वाटन बीए झाला हाय.

कंपनीनं कानात घालाले नारंगी बुचं दिले होते. त्यानं कान खाजते म्हून मी घातले नाई. आमच्या कूलरच्या टाकीले एक भोक होतं, त्यातलं एक बूच तिथं बसवलं. आजबी तिथंच हाय. टाकीतून एक थेंब गयत नाई. माह्या कानातून मात्र सारं गयून गेलं.

आंधी डावा कान गेला. मंग उजवा अर्धा. मले समजलं तवा मी कोणाले सांगितलं नाई. सांगाले पायजे होतं, पण मी मोहल्ल्यातला हसवणारा माणूस. बारशात, लग्नात, तेरवीत बी लोकं मले बोलावून बसवत, "या भाऊ, तुमच्याबिगर मजा नाई." माहा धंदाच दुसऱ्याची फजिती करायचा. आमच्या गल्लीत एक बहिरा म्हातारा होता, त्याची नक्कल मीच सगयात चांगली करत होतो. तोंड वाकडं करून, कानाले हात लावून, "आँ? आँ?" लोकं लोटपोट होत. आता मीच बहिरा झालो तं लोकं कोणाले हासतीन? नक्कल करणाऱ्याची जागा माही होती, पण ज्याची नक्कल करा लागते त्या जागेवर मले बसाचं नव्हतं.

मंग मी दोन युक्त्या काढल्या. पयली, आपण बोलतच राहाचं. जो बोलत राहते त्याले आयकाचं काम नसते. दुसरी, समोरच्यानं काई म्हटलं आन समजलं नाई तं हासाचं आन म्हणाचं, "चालते, चालते. होऊन जाईन." हे वाक्य असं हाय का कुठंबी बसते. पाऊस नाई, चालते, होऊन जाईन. पोराले नोकरी नाई, चालते, होऊन जाईन. आमच्या मागच्या घरातला एक जण एकदा रस्त्यात भेटला, खाली पाहून काईतरी बोलला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, हासलो, म्हटलं, "चालते, चालते." मंग समजलं का त्याचा साळा वारला होता. तो चिडला नाई. लोकाले म्हणे, "जाऊ द्या, त्याची सवयच हाय." सवय हाय म्हणून लोकं मले माफ करत, आन मी समजे का आपण हुशार हाओ.

तुमी म्हणसान, घरी बायकोले समजलं नाई? कसं समजन. ती समोर बसून बोलली का मी ओठ वाचे आन बरोबर उत्तर दे. पाठमोरी बोलली का हासे. तिले वाटे, नवऱ्याले कधी लक्ष असते, कधी नसते. कोणत्या बायकोले याच्यापेक्षा वेगळं वाटते?

एक डाव कंपनीत बाहेरून एक सर आले. टाय, पांढरा शर्ट, हातात खडू. आमाले सगयाले हॉलमधी बसवलं, पंख्याखाली. ते माणसानं माणसाशी कसं बोलाव, हे शिकवाले आले होते. आमी म्हटलं, बाप्पा, आता बोलणं बी शिका लागते! पण हॉल थंडा होता, चहा-बिस्किट होतं, म्हून बसलो.

ते म्हणाले, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं पाहा. मधात तोडू नका. मान हालवा. चेहऱ्यावर हासू ठेवा. मंग आमच्या जोड्या लावल्या. माह्या जोडीत माह्या बाजूच्या मागावरचा गडी, माह्याच वयाचा, बारा वर्सापासूनचा दोस्त. त्यानं बोलाचं, मी आयकाचं. तो त्याच्या बैलाची गोष्ट सांगू लागला. मी त्याच्या ओठावर असे डोये लावले का पापणी हालली नाई. मान हालवली, हासलो. सरांनी सगयाचं काम थांबवलं, माह्या खांद्यावर हात ठेवला आन फळ्यापाशी उभं केलं.

"पाहा," म्हणे, "ऐकणं म्हणजे हे. यांच्याकडून शिका."

टाया पडल्या. मले बक्षीस म्हून स्टीलची पाण्याची बाटली भेटली. अख्ख्या कंपनीत सगयात चांगला आयकणारा माणूस कोण, तं बहिरा!

शेवटी सर म्हणाले, आखरीची गोष्ट सगयात मोठी हाय. समोरच्यानं सांगितलं ते आपल्या तोंडानं त्याले परत सांगून पाहा. "तू असं म्हणालास ना?" म्हून इचारा. मंगच समजन का आपण आयकलं का नाई.

मी उठून म्हटलं, "सर, मंग माणूस कायले पायजे, पोपट पाळा ना!"

सारा हॉल हासला. सर बी हासले. म्हणे, "आज घरी करून बघा, काका."

मी केलं नाई. एवढंच करा लागत होतं, आन मी त्याचा जोक केला.

घरी बाटली दाखवली. "पाय वं, सगयात चांगला आयकणारा म्हून भेटली."

तिनं बाटली उलटी-सुलटी करून पाह्यली. "असन बाप्पा," म्हणे. "घरी काहून नाई आयकत मंग?"

हे मी वाचलं. समोर होती ना.

त्यानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. उन्हाया होता. मी कामावरून आलो, आंघोय केली, बनियनवरच, पाट टाकून जेवाले बसलो. कूलर चालू होता. ती माह्याकडं पाठ करून भाकरी थापून राहिली होती. मले आवाज येत नाई, पण भाकर थापताना तिचे खांदे हालत ते मी पाहत असे. एका तालात हालत. त्या दिवशी मधातच खांदे थांबले. हात पिठावर तसाच राहिला. मान खाली गेली. ती काईतरी बोलली. लय नाई, दोन-तीन वाक्यं असतीन.

मले दिसलं का हात थांबला. हे मले दिसलं, हेच माहं पाप हाय. उठून समोर जाऊन इचाराले दोन पावलं लागत होते. पण पुढ्यात ताट होतं, वांग्याची भाजी होती, आन माह्याजवय माहं नेहमीचं वाक्य होतं. मी हासलो. चांगला मोठ्यानं हासलो. म्हटलं, "चालते, चालते. होऊन जाईन."

ती जरा वेय तशीच बसली. मंग खांदे परत हालू लागले. ती भाकर एका बाजूनं जळली. मी ती उचलून म्हटलं, "आज तं भाकरीनं बी तुह्यासारखा रंग काढला!"

तिनं ती भाकर माह्या हातातून घेतली आन दुसरी वाढली.

त्यानंतर ती बोलायची कमी झाली. मले तं सोपंच झालं. ओठ वाचायचं कष्ट वाचले. मी कंपनीत दोस्ताले हातानं सांगितलं, कपायाले बोट लावून, मंग ओठावर बोट, म्हंजे बायको आता चूप राहते. त्यानं दोन्ही हात जोडून वर पाह्यलं. म्हंजे नशीबवान हायेस लेका.

दिवाळीत पोरगी अकोल्याहून आली. तिनं दोन दिवस पाह्यलं का माय बादली उजव्या हातानंच उचलते, डावा हात वर करत नाई. तिसऱ्या दिवशी तिनं मायले आत नेलं, दार लावलं. बाहेर आली तं तिचं तोंड पांढरं पडलं होतं. माय मागून पदर सारखा करत आली. डाव्या छातीत गाठ होती. लिंबाएवढी. वरची कातडी बी ओढल्यासारखी झाली होती.

पोरगी मायवर कडाडली, "माय, येवढं व्हायपर्यंत सांगितलं काहून नाई?"

बायकोनं हळूच म्हटलं, "सांगितलं होतं."

"कोणाले?"

तिनं हनुवटी माह्याकडं केली. बस, तेवढंच.

पोरगी माह्याकडं वळली. समोर उभी होती, एकूण एक अक्षर मले वाचता आलं. "बाबा, तुमाले माहित होतं?"

त्या वक्ती माह्या डोक्यात ती संध्याकाय आली. तो थांबलेला हात. मले समजलं का ते काय होतं. आन माही मान हालली. हो अशी. सवयीनं म्हणा, भेवानं म्हणा. मी पोरीच्या समोर मान हालवून बसलो का हो, मले माहित होतं.

"आन तुमी काय केलं?"

उत्तर बायकोनं देल्लं. "हासले," म्हणे.

पोरगी माह्याशी बोलायची बंद झाली. पुढचे पाच महिने ती फक्त कामाचं बोले, तेबी दुसरीकडं पाहून, म्हून मले तेबी समजत नसे.

मी सांगून टाकाचं होतं का मी बहिरा हाओ, मले आयकू आलं नाई. नाई सांगितलं. मनाले सांगत होतो का कंपनीले समजलं का हा बहिरा हाय तं काढून टाकतीन, आन कामगाराचं दवाखान्याचं कार्ड जाईन, मंग हिचा इलाज कसा होईन. हे खरं होतं. पण अर्धंच. पोरीले घरात सांगितलं असतं तं ती काय कंपनीत जाऊन बोंबलणार होती? खरी गोष्ट अशी का निर्दयी म्हून घ्याले मले जेवढी लाज वाटली नाई, तेवढी बहिरा म्हून घ्याले वाटली. असा माणूस हाओ मी.

आपरेशन झालं. केमोच्या सुया झाल्या. केस गेले. पोरीनं मायले अकोल्याले नेलं, तिथल्या मोठ्या दवाखान्यात. मी आठवड्यातून दोनदा, शिफ्ट सुटली का मुर्तिजापूरवरून जाणाऱ्या बसनं अकोला गाठे. बसमधी लोकाले हसवे. कंडक्टर मले ओळखाले लागला होता. त्याले वाटे, हा माणूस सासरवाडीले जाऊन राहिला.

उन्हाया परत लागला तवा तिचा आवाज गेला. डॉक्टर म्हणे, रोग गयात गेला, आवाजाची नस दाबली. ती बोले, पण नुसती हवा निघे. पोरगी कान तोंडाजवय नेई, जावई नेई, सिस्टर नेई. कोणाले काई समजे ना. कोणीतरी पाटी आणली. बायकोनं पाटीकडं असं पाह्यलं जसा मी पेपरकडं पाहतो. ती बी माह्याचवानी, शाया बाहेरून पाह्यलेली.

मी पोचलो तवा पोरगी रडकुंडीले आली होती. "सकाऊनपासून काईतरी मागून राहिली, समजूनच नाई राहिलं." मी खाटेच्या समोर स्टूल ओढून बसलो. तिचे ओठ हालले.

मी म्हटलं, "उशी खालची काढाले सांगते. मान दुखून राहिली."

उशी काढली. तिनं डोये मिटले. सगये माह्याकडं पाहून राहिले.

"तुमाले कसं समजलं?" पोरीनं इचारलं. पाच महिन्यांत पयल्यांदा तोंडाकडं पाहून.

"तीस वर्साचा संसार हाय," मी म्हटलं.

सिस्टर म्हणे, "बघा, याले म्हणतात प्रेम." वार्डातल्या बाकीच्या बायांनी माना हालवल्या. मले ती स्टीलची बाटली आठवली. दुसऱ्या डाव मले खोटं बक्षीस भेटून राहिलं होतं.

मंग मी कंपनीत सुट्टी टाकली आन तिथंच राहिलो. राऊंडले डॉक्टर आले का मले बोलावत, "काका, काकू काय म्हणतात?" मी सांगे. पाणी म्हणते. पाय चोयून द्या म्हणते. त्या खिडकीतलं कबुतर हाकला म्हणते. जवयपास महिना तिनं फक्त माह्याशी बोलणं केलं, कारण दुसऱ्या कोणाले तिचं आयकू येत नव्हतं. ज्याले आयकू येते त्याले येत नव्हतं, आन ज्याले येत नाई त्यालेच येत होतं.

पण ती मले पाहत असे. मी कधी खिडकीकडं पाह्यलं आन ती बोलली तं मी हासे, हे तिच्या ध्यानात येऊन राहिलं होतं. आवाज होता तवा घरातल्या गडबडीत जे दिसलं नाई, ते खाटेवर पडल्या पडल्या दिसू लागलं असन.

एका दुपारी पोरगी डबा आणाले घरी गेली होती. बायकोनं माह्याकडं नीट पाह्यलं. मंग लुगड्याचा पदर घेतला आन तोंडावर ओढला, नाकापर्यंत. पदर हालला. ती खालून काईतरी बोलून राहिली होती.

मी हासलो. म्हटलं, "चालते, चालते. होऊन जाईन."

तिनं पदर खाली घेतला. ओठ हळूहळू हालवले, जसं लेकराले शिकवतात. "काय म्हटलं मी?"

माह्याजवय जोक बी नव्हता. असा वक्त माह्या जिंदगीत तोच.

"आयकू येत नाई तुमाले," ती म्हणे. इचारून नाई राहिली, सांगून राहिली.

"नाई," मी म्हटलं.

"कवापासून?"

"पोरीच्या लग्नाच्या लय आंधीपासून."

तिनं वर छताकडं पाह्यलं. ती मनातल्या मनात मागं मागं जात होती, ते मले दिसत होतं. एकेक वर्स, एकेक संध्याकाय. मंग परत माह्याकडं वळली. "त्या दिवशी? भाकरीच्या वक्ती?"

"नाई आयकू आलं."

"मले वाटलं, तुमी हासले."

"हासलो तं होतोच," मी म्हटलं. "पण कायले हासलो ते मले माहित नव्हतं."

तिच्या डोयातून पाणी कानापर्यंत गेलं. मी पुसाले गेलो तं तिनं माहा हात धरून ठेवला. वर्सभर त्या बाईनं आपल्या मनात धरून ठेवलं होतं का आपण मरणाचं भेव सांगितलं आन नवरा हासला. आन तरी माहे डबे भरले, बनियन धुतल्या. आता तिले समजलं का तसं नव्हतं. पण ते समजलं तसं दुसरं बी समजलं. ती म्हणे, "मंग इतक्या वर्सांत मी कोणाशी बोलत होती जी?"

मी स्टूल खाटेच्या आणखी जवय ओढलं.

मंग मी इचारलं, "काय म्हटलं होतं तू त्या दिवशी?"

तिले पाठ होतं. "मी म्हटलं, छातीत गाठ लागून राहिली. मले लय भेव वाटून राहिलं. उद्या माह्या संग दवाखान्यात चाला."

मले त्या टायवाल्या सराची आखरीची गोष्ट आठवली. मी तिचा हात धरून तसंच्या तसं म्हटलं, "छातीत गाठ लागून राहिली. मले भेव वाटून राहिलं. उद्या संग दवाखान्यात चाला. असं म्हटलं ना?"

तिनं मान हालवली, नाई अशी. "लय," म्हणे. "लय भेव."

"लय भेव वाटून राहिलं."

"हो."

पुढच्या आठ-दहा दिवसांत तिले दम असला का ती जुन्या गोष्टी काढे, ज्या सांगितल्या होत्या आन मले भेटल्या नव्हत्या. मी एकेक गोष्ट परत म्हणून दाखवे. शेजारणीच्या स्कुटीवर ती कोणाले न सांगता दोन डाव मैदानात चक्कर मारून आली होती, आन मले येऊन सांगितलं होतं. मी म्हणे म्हटलं होतं, होऊन जाईन. तिची माय गेली त्या साली तिले एक डाव रिद्धपूरच्या मंदिरात जाऊन बसाव वाटलं होतं, मायच्या संग लहानपणी गेली होती म्हून. ते बी सांगितलं होतं. अमरावतीहून रिद्धपूर काई लंका हाय का? चालते म्हटलं आन चाललो नाई. आन एक डाव फक्त येवढंच का, आज तुमी बरे दिसून राहिले. ते मी परत म्हटलं तवा ती ओठ दाबून हासली. म्हणे, "आता नाई दिसत."

लय गोष्टी बाकी राहिल्या. ती थकून जाई.

तिनंच मले म्हटलं, "पोरीले सांगा."

पोरगी डबा घेऊन आली तवा मी तिले बाहेर वऱ्हांड्यात नेलं आन सांगितलं. मले वाटलं, ती गयात पडन. ती नाई पडली. तिनं डबा बाकड्यावर ठेवला.

"बहिरे होते, तं सांगता येत नव्हतं?"

"लोकं हासले असते वं."

"हासले असते!" ती म्हणे. "तुमाले लोकं हासू नाई म्हून माह्या मायनं एकटीनं सोसलं."

ती खरंच बोलली. मी मान खाली घातली तं तिनं माही हनुवटी धरून वर केली. मले वाटलं, मारते का काय. "वर पाहा," म्हणे. "नाईतं तुमाले समजणार नाई मी काय बोलून राहिली ते." आन मंग ती पुढं बोलली, जे काई बोलली ते सारं माह्या तोंडासमोर उभं राहून बोलली. ते मी इथं सांगत नाई. माफ केलं असं काई नव्हतं त्यात.

आखरीच्या दोन दिवसांत बायकोच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला. मास्क आतून धुकट होई. ओठ दिसेनात. मले जे एकच येत होतं, तेबी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाऊन तिनं डोये उघडले, माह्याकडं पाह्यलं आन मास्कच्या आत तिचे ओठ हालले. धुकं आलं, गेलं, परत आलं. माह्या गयापर्यंत ते वाक्य आलं होतं, इतक्या वर्साची सवय. मी ते गियलं.

मी म्हटलं, "मले आयकू नाई आलं. परत म्हण."

ती परत बोलली. पोरीनं कान लावला, नुसता मशीनचा आवाज येते म्हणे. मास्क काढता येत नाई, सिस्टर म्हणे. मी परत म्हटलं, "नाई समजलं वं. परत म्हण." तिनं तिसऱ्या डाव म्हटलं. तेबी मले भेटलं नाई. दुपारी ती गेली.

ते वाक्य काय होतं, मले माहित नाई. जेवले का म्हटलं असन. पोरीले पाहा म्हटलं असन. मी त्याच्यावर काई रचत नाई. रचाचा धंदा मी लय केला.

तेरवीनंतर मी कंपनीत गेलो आन सुपरवायझरले सांगून टाकलं. त्यानं मागावरून काढलं, गोदामात कापडाच्या गाठी मोजाले लावलं. नोकरी गेली नाई. इतके वर्स ज्याचं भेव धरलं ते येवढंच होतं. पोरीनं कानाचं मशीन घेऊन देल्लं. त्यात कूलर आयकू येते, नय टपकते ते आयकू येते, शेजारी भांडतात ते बी. घरात "आयकलं का" म्हणणारं कोणी नाई.

मांगच्या हप्त्यात चहाच्या सुट्टीत तो माहा दोस्त भेटला, बैलाची गोष्ट सांगणारा. मी मशीन लावून त्याच्याशी बोलून राहिलो होतो. तो पाहून राहिला होता माह्या ओठाकडं, पापणी न हालवता. मान हालवून राहिला होता. चेहऱ्यावर हासू. त्या सरानं त्या दिवशी दोन बहिऱ्यांची जोडी लावली होती आन टाया वाजवल्या होत्या.

मी चहाचा कप तोंडापुढं धरला, ओठ झाकले, आन म्हटलं, "मले लय भेव वाटून राहिलं. संग चाल."

तो हासला. माह्या खांद्यावर थाप मारली. "हौ ना, बरोबर हाय!"

मी कप खाली घेतला. "काय म्हटलं मी?"

त्याचं हासू तसंच राहिलं तोंडावर, पण डोये बदलले. ते डोये मी ओळखतो.

मी कपायाच्या मधात बोट टेकवलं. मंग त्याच्या घराकडं हात केला. मंग हळूहळू, ओठ मोकये करून म्हटलं, "आज घरी जाय. तिले समोर बसव. तिले सांग, मले आयकू येत नाई."

त्यानं आजूबाजूले पाह्यलं. मंग आवाज न काढता, नुसत्या ओठानं म्हणे, "हासतीन लोकं."

"हासू दे ना बे," मी म्हटलं. "आपल्याले थोडंच आयकू येते."

हे त्याले बरोबर समजलं. म्हून तो हासला नाई. कप खाली ठेवला आन डबा घ्याले आत गेला.